मांजरीच्या मिस्त्रीकाकांना जाहीर आभाराचं पत्र

आदरणीय मिस्त्रीकाका,

सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही. ‘बाबांना रामराम सांगा’ म्हणता आणि फोन ठेवता. म्हणून आता चारचौघांत लिहितेय. इथे मधेच फोन ठेवता येणार नाही.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. हडपसरजवळच्या मांजरीत काकांची ट्रॉल्या बनवायची आणि दुरुस्त करायची शेड आहे. माझी ताई आणि दाजी कॅनडात एडमंटनला असतात. यंदा पोरांच्या शाळा उघडायच्या आत आम्ही सगळे, सोबत आमचे बाबा, त्यांच्याकडे गेलो आणि भाड्याचा ट्रेलर गाडीमागे जोडून अलास्का हायवेने उत्तरेला निघालो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकन लष्कराने काही महिन्यांत जंगल तोडून हा रस्ता काढला. डॉसन क्रीकला शून्य मैलाचा खांब आहे आणि तिथून अलास्कातल्या डेल्टा जंक्शनपर्यंत सव्वादोन हजार किलोमीटरच्या आसपास अंतर. आमच्या हडपसरच्या पुलाखालचा एक खड्डा बुजायला किती महिने लागतात, हा विषय बाबांनी तिथेही काढलाच. वाटेत वॉटसन लेकला लोकांनी आपापल्या गावांच्या पाट्या ठोकून पाट्यांचं जंगल केलंय, तेही त्याच १९४२ पासून. तुमच्या शेडमधला पत्रा कापून रंगवलेली ‘मांजरी बुद्रुक’ची पाटी आता तिथे आहे. फोटो पाठवलाय, पोरांना दाखवा.

पुढे रस्तादुरुस्तीचे खडीचे पट्टे लागले आणि ट्रेलर खालून काहीतरी कुरकुरायला लागला. टेस्लिन नावाचं वाटेतलं गाव येईपर्यंत एका चाकापाशी जळकट वास. त्या भागात गाव सोडलं की मोबाईलची रेंजच जाते, त्यामुळे गावातच झालं हे नशीब म्हणायचं. ट्रेलरवाल्या कंपनीने निघताना कागद दिला होता: चारही चाकं तपासली, ग्रीस भरलं, खाली सही. त्यांना फोन लावला. आधी बराच वेळ संगीत ऐकलं, मग एक मुलगा आला आणि फार गोड बोलला. म्हणाला, असं होतं कधीकधी, हळूहळू चालवत व्हाइटहॉर्सपर्यंत जा, तिथे बघून घेतील. व्हाइटहॉर्स तिथून दीडशे किलोमीटरच्या वर! तेवढ्यात इथल्या नातेवाईकांच्या ग्रुपवर ‘एवढ्या लांब ट्रेलर ओढत न्यायची हौस कुणाची?’ हेही येऊन पडलं. त्या काकूंचे आभार वेगळे मानेन.

रात्रीचे दहा वाजलेले, बाहेर लख्ख ऊन, डास तर असे की हात हलवायचा थांबला की बसलेच. दाजी चाकाकडे बघत उभे. त्यांचा सगळा जन्म कॉम्प्युटरसमोर गेलाय. बाबा खुर्चीतून म्हणाले, “मांजरीला फोन लाव.” आम्हाला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं यांचं. पण आमच्या ऊसाच्या ट्रॉल्या तुमच्याच हातच्या, आणि तुमच्याकडे तेव्हा सकाळचे साडेदहा.

तुम्ही व्हिडिओवर आलात. मागे ग्राइंडरचा कल्ला, ठिणग्या, कुणीतरी पत्रा ठोकतंय. तुम्ही आम्ही कुठे आहोत हेसुद्धा विचारलं नाही. म्हणालात, “चारी हबवर पाण्याचा थेंब टाका.” हब म्हणजे चाकाचा मधला गोल भाग. तीन चाकांवर थेंब नुसता ओघळला. चौथ्यावर चुर्र झालं.

मग जॅक लावून चाक उचलायला लावलंत. दाजींना हात कुठे धरायचा तेच कळेना, तर तुम्ही फोन कुणाच्या तरी हातात दिलात, शेडमधल्या एका ट्रॉलीचं चाक उचललंत आणि स्वतः फिरवून दाखवलंत. “आता तुमचं फिरवा. आवाज ऐकू द्या.”

आणि मग तुम्ही मागे वळून ओरडलात, “बंद करा रे सगळं!”

काका, मला सांगायचंय ते हेच. ग्राइंडर थांबला. ठोकणारा थांबला. मागे रेडिओ चालू होता, तोही कुणीतरी बंद केला. तुमची पोरं नगावर काम करतात हे मला माहीत आहे. हात थांबला की मजुरी थांबते. हंगामाआधी दुरुस्तीच्या ट्रॉल्यांची रांग बाहेर उभी असते, तेही पाहिलंय. एवढी शेड गप्प उभी राहिली, कारण तुम्हाला टेस्लिनमधल्या एका चाकाची खरखर ऐकायची होती. तुम्ही फोन कानाला लावलात, त्यामुळे आम्हाला स्क्रीनवर नुसता तुमचा कान आणि पांढरे कल्ले दिसत होते. दाजींना तीनदा चाक फिरवायला लावलंत. इतका वेळ दाजी, मी, ताई एकमेकांवर खेकसत होतो, ते तिथे थांबलं.

“बेअरिंग गेलंय. एक पाऊल पुढं नेऊ नका.” कंपनी हळूहळू चालवा म्हणतेय, असं मी म्हटलं तर तुम्ही म्हणालात, “त्यांना काय. चाक निसटलं तर त्यांची पोरं मागं बसलेली नाहीत.”

ते किती खरं होतं ते हब उघडल्यावर कळलं. ग्रीस भरल्याची सही होती ना? आत काळा चिकट थर वाळून बसलेला आणि रोलर तापून निळे पडलेले. तुम्ही बेअरिंगच्या कडेवरचा नंबर पुसून वाचायला लावलात. एल ४४६४९. “हाच नंबर मागा. नाना पेठेत मागा न्हाईतर तिथं मागा, कंपनी कुठली का असंना, माप तेच येतं.” दुसऱ्या दिवशी दाजी ट्रेलर तिथेच सोडून नुसती गाडी घेऊन व्हाइटहॉर्सला गेले, नंबर सांगितला, दुकानदाराने डबी काढून दिली. बसवताना तुम्ही परत फोनवर होतात. नट किती कसायचा आणि मग किती ढिला सोडायचा, ते दाजी आता पाहुण्यांनाही सांगतात, कुणी विचारलेलं नसतं तरी.

इथे पुण्यात गाडी सर्व्हिसिंगला टाकली की गार खोलीत बसवतात, कॉफी देतात, काचेपलीकडे गाडीला काय करतात ते दिसत नाही, आणि शेवटी टिक केलेला कागद येतो. तो कागद मी आजवर मुकाट्याने घेत आले. तुमच्याकडे कागदच नसतो. तुम्ही बाबांच्या ट्रॉलीला कधी सही करून दिली नाही, पण स्प्रिंगचे पाटे बदलल्यावर भरल्या ट्रॉलीमागे स्वतः मोटारसायकलवर कारखान्यापर्यंत गेला होता, हे बाबा अजून सांगतात. माणसाला आपल्या कामाची लाज आणि अभिमान दोन्ही असले की असा वागतो. हल्ली दोन्हीची जागा स्टारवाल्या रेटिंगने घेतलीय. त्या कंपनीचाही मेसेज आला होता, अनुभव कसा वाटला, किती स्टार द्याल.

त्याच कंपनीने नंतर डिपॉझिटमधून पैसे कापले. कारण काय, तर परवानगीशिवाय दुरुस्ती केली!

तुम्हाला पाठवलेले पैसे तुम्ही तासाभरात परत केलेत. ठीक आहे. पण त्या सकाळी हात थांबवून उभ्या राहिलेल्या पोरांची मजुरी बुडाली, तिच्याशी तुमचा संबंध नाही. रविवारी सगळ्यांसाठी जेवण घेऊन येतेय. मटण बाबा स्वतः निवडून आणणार आहेत, त्यात मला बोलायची सोय नाही.

तुम्ही पोरांना दाखवायला ते निळं पडलेलं बेअरिंग मागितलं होतंत. ते अजून दाजींकडेच आहे. डिपॉझिटचं भांडण चालू आहे आणि पुरावा म्हणून तेवढंच हातात आहे. मिटलं की पाठवायला सांगते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
ट्रॉलीवाल्या बाबांची धाकटी
हडपसर, पुणे