बाजारपेठ नवी बांधा, पण खानावळीची चूल नकाशात धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी रामपूरची, चिपळूण-गुहागर रस्त्यावरचं रामपूर. गेली सतरा-अठरा वर्षं मी घरी आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस), आमसुलं, कुळथाचं पीठ आणि घावण्याचं पीठ करून चिपळूणच्या बाजारपेठेतल्या खानावळींना आणि छोट्या हॉटेलांना देते. सकाळची एसटी पकडायची, आगळाचे दोन कॅन पायाशी, पिठाची पिशवी मांडीवर, आणि सगळी गिऱ्हाइकं करून दुपारच्या गाडीने परत. पेपरला पत्र कधी लिहिलं नव्हतं, पण गेल्या आठवड्यात एक कागद वाचला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय. लांबलं तर कापा पण मधला मुद्दा तेवढा ठेवा.

बाजारपेठेत एक खानावळ आहे, तिला मी पहिल्यापासून माल देते. नाव लिहीत नाही कारण त्यांना उद्या त्रास नको. नवरा-बायको दोघं चालवतात, मी त्यांना भाऊ आणि वहिनीच म्हणते. इमारत जुनी, खाली दुकानं वर राहती घरं, लाकडी वासे, मंगलोरी कौलं. ती आता पाडायची ठरलीय आणि पाडायलाच हवी, हे मी आधीच सांगते म्हणजे कुणाला वाटायला नको की ही बाई उगाच विरोध करतेय. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी शिरलं तेव्हापासून त्या भिंतींना ओल धरलीय ती गेली नाही, मागच्या बाजूचा एक खांब खालून कुजलाय, पावसाळ्यात वहिनी भांडी घासायला त्या बाजूला बसत नाहीत. २००५ च्या जुलैत पण पाणी आलं होतं पण या वेळेचं वेगळंच होतं. भिंतीवर देवाचा फोटो आहे त्याच्या खिळ्याच्याही वर चिखलाची रेघ आहे, रंग मारताना वहिनींनी तेवढी पट्टी तशीच ठेवली. मी विचारलं तर म्हणाल्या, ताई, नव्या माणसाला सांगून पटत नाही, बघू दे.

तर या जागेवर नवीन संकुल होणार. भाऊंनी करारनाम्याचा मसुदा मला वाचायला दिला कारण त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा घरी राहिला होता. मी मोठ्याने वाचत होते, वहिनी तांदळाचं पीठ मळत होत्या. त्यांना पहिल्या मजल्यावर गाळा मिळणार, क्षेत्रफळ आत्ता आहे त्यापेक्षा कमी, तेही एक वेळ ठीक. पण खाली अटी होत्या त्यात एक अट, की सदर गाळ्यात अन्न शिजवण्याचा किंवा खाद्यपदार्थ विक्रीचा व्यवसाय करता येणार नाही. मी ती ओळ दोनदा वाचली. वहिनींचा हात थांबला. भाऊ म्हणाले, मग आम्ही तिथं काय विकायचं, मोबाईलचे कव्हर?

त्यांना या गोष्टीची तोंडी कुणी कल्पनाच दिली नव्हती. बिल्डरच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला की वर राहायला येणाऱ्या लोकांना फोडणीचा वास, धूर, उंदीर नको असतात, फ्लॅट विकले जात नाहीत, सगळीकडे हीच अट असते. म्हणून मी माझ्या दुसऱ्या दोन गिऱ्हाइकांना विचारलं, त्यांच्याही इमारतींचं चाललंय. एकाच्या मसुद्यात तश्शीच ओळ. दुसऱ्याला अजून कागद दाखवलाच नाही. म्हणजे मी ज्यांना माल देते त्या सहा जागांपैकी तीन जागी हा प्रश्न आहे. सगळ्या बाजारपेठेचं मला माहीत नाही पण नगरपरिषदेला माहीत असायला पाहिजे ना, नकाशे तर त्यांच्याकडेच मंजुरीला जातात.

आता वरचा मजला का, ते मला माझ्या भाच्याने समजावलं, तो सिव्हिलचा डिप्लोमा झालाय. पूर आल्यानंतर निळी रेषा लाल रेषा हे शब्द आमच्याकडे लहान पोरांना पण पाठ झाले. निळी म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. राज्याची २०२० ची जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आहे तिच्यात या दोन रेषांच्या मधल्या जागेत बांधायचं तर जोतं, म्हणजे इमारतीचा चौथरा, लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर लागतं, म्हणजे दीड फूट. आमच्या बाजारपेठेत लाल रेषेची पातळी म्हणजे कुठे कुठे माणसाच्या डोक्याच्या वर, त्यामुळे तळाला पार्किंग आणि गाळे जिना चढून वर, असंच डिझाईन निघतं. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, ते पाणी मी बघितलंय. डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण केलं, नदीतला गाळ काढा म्हणून, मग गाळ निघाला, नाम फाउंडेशनची पण मशीन आली, ते सगळं चांगलंच झालं. पण गाळ निघाला म्हणून रेषा पुसली जात नाही आणि इमारती तर आता उंचावरच होणार, ते मान्य करूनच बोलूया.

मान्य करून बोलायचं तर मग खानावळ वर चढवायची तयारी नकाशातच असायला पाहिजे. मी सहा ठिकाणची स्वयंपाकघरं आतून बघितलीत म्हणून सांगते. खानावळीला काय लागतं? दिवसभर पाण्याचा नळ, मासे धुतलेलं पाणी जायला रुंद गटार आणि मध्ये जाळी, धूर वर कौलापर्यंत नेणारं धुराडं, सिलिंडर ठेवायला हवेशीर जागा, आणि कचरा काढायला मागचं दार. दहा बाय दहाचा शटरचा गाळा, त्यात एक बेसिन आणि सहा इंचाचा पाईप, यात कुणी शंभर माणसाचा स्वयंपाक करून दाखवावा. इमारत उभी राहिल्यावर धुराडं मारायला गेलं की सोसायटी नाही म्हणते, आणि त्यांचंही चूक नाही, त्यांच्या खिडकीसमोरूनच जाणार ते. म्हणून आधी काढलं पाहिजे, लिफ्टची जागा कशी आधी काढतात तशी.

आणि जिना. वहिनींकडे जेवायला येतात ती कोण माणसं आहेत ते मला रोज दिसतं. एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, बाजारातले हमाल, कोर्टात तारखेला आलेली, दवाखान्यात कुणाला तरी ॲडमिट केलेलं आणि डबा आणायला घर लांब अशी, तहसीलला दाखल्यासाठी आलेल्या आमच्यासारख्या गावच्या बायका. पिशव्या असतात, म्हातारी माणसं असतात. राइसप्लेट ९० रुपये, मासे घेतले तर त्यावर, बांगड्याचं तिकलं तिरफळ घातलेलं, नाहीतर मांदेली, श्रावणात कुळथाची पिठी आणि काळ्या वाटाण्याची उसळ. ही माणसं रॅम्प किंवा बरा रुंद जिना असेल तर वर येतील, पार्किंगच्या मागून अंधारातून जाणारा जिना असेल तर खालच्या खाली वडापाव खाऊन गाडीत बसतील.

आमचे एक नातेवाईक म्हणाले की मग हायवेला जा की, तिकडे धंदा आहे. हायवेला मी गेले ना. मुंबई-गोवा रस्ता रुंद झाला, मोठमोठी हॉटेलं झाली, लांबच्या गाड्या आता गावात येतच नाहीत. बहादूरशेख नाक्याला पुलाचं काम चाललेलं, ते ऑक्टोबर २०२३ मध्ये कोसळलं आणि मग पुन्हा सगळा धुरळा, तेव्हा तिथल्या छोट्या टपऱ्यांचे काय हाल झाले ते वेगळंच. मोठ्या हॉटेलात मी आगळाची बाटली घेऊन गेले, मॅनेजर चांगले बोलले, चहा दिला, पण म्हणाले ताई, आम्हाला पावडर लागते, पाण्यात टाकली की सोलकढी, नारळ फोडायला माणूस परवडत नाही. बोर्डावर सगळीकडे मालवणी थाळी. मालवणी जेवण मला आवडतंच, पण आम्ही चिपळूणची माणसं, आमचं जेवण आमच्या नावाने कुठे आहे? त्या थाळीची किंमत ३५० च्या पुढे, ती गाडीतून येणाऱ्यासाठी आहे आणि असू दे, त्यांनी पण खाल्लं पाहिजे, पोरांना तिथे नोकऱ्या लागल्यात. पण एसटीतून उतरलेला माणूस जेवायला हायवेला जाणार नाही.

वहिनी आगळ कसं तपासतात ते सांगते. कॅनचं झाकण उघडायचं, तळहातावर एक थेंब, जिभेला लावायचा, मग तोच हात उन्हात धरून रंग बघायचा. रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, उशिरा उतरवला आणि पाऊस लागलेला असला की रंग पाणचट येतो, तो त्यांना लगेच कळतो. एका वर्षी माझे दोन कॅन त्यांनी परत केले, मला राग आला होता, पण बरोबर होतं त्यांचं, माझ्याकडून मीठ कमी पडलं होतं. पुढच्या वर्षापासून मी पिंपात रोज दोन वेळा ढवळते. असं तपासून घेणारं गिऱ्हाईक होतं म्हणून माझा माल सुधारला. माझ्यासारख्या आजूबाजूच्या गावातून येणाऱ्या किती बायका आहेत, कुणी तांदळाचं पीठ देते, कुणी सुका जवळा, कुणी नारळ, खाडीतली मासळी घेऊन येणाऱ्या आहेत. खानावळ बंद झाली की या सगळ्यांचं गिऱ्हाईक त्याच दिवशी जातं आणि ते कुठल्याही नुकसानभरपाईच्या यादीत येत नाही.

पुरानंतरचं पण एक लिहायचंय. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आमचं, १८६४ चं, दोन्ही पुरात पुस्तकं गेली आणि लोकांनी ते परत उभं केलं, मला त्याचा फार अभिमान आहे. वहिनींनी तेव्हा चिखलातून पातेली काढली, राखेने घासली आणि गॅस मिळाल्या मिळाल्या साफसफाईला बाहेरून आलेल्या पोरांना पिठलं-भात घातला, पैसे घेतले नाहीत. त्या स्वतः कुणाला सांगणार नाहीत म्हणून मी सांगते. अशा जागेवर करारातली एक छापील ओळ येऊन चूल विझते हे मला सहन होत नाही.

कायद्याचं मला जेवढं कळलं तेवढं लिहिते. भाऊंच्या वडिलांनी ती जागा पागडीने, म्हणजे मालकाला आधी एकरकमी पैसे देऊन भाड्याने, घेतलेली, पावती अजून त्यांच्याच नावाची. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे त्यात पागडीला मान्यता आहे आणि इमारत पाडून नवी बांधली तर जुन्या भाडेकरूला तिथे जागा मागता येते. पण जागा म्हणजे चार भिंती की ज्या धंद्यावर पोट आहे तो धंदा करण्याची जागा, हे कागदावर स्पष्ट झालं पाहिजे. ज्या गाळ्यात आधीपासून स्वयंपाक होत होता आणि परवाना आहे त्या भाडेकरूला नव्या इमारतीत स्वयंपाक बंद अशी अट घालता येणार नाही, एवढं नगरपरिषदेने बांधकाम परवानगी देतानाच लिहून घ्यावं. आणि जुन्या भाडेकरूंच्या यादीत व्यवसाय काय हा रकाना असावा, म्हणजे नकाशा तपासणाऱ्याला धुराडं आणि गटार कुठे दाखवलंय ते विचारता येईल.

मधल्या दोन-तीन वर्षांचं काय, हा प्रश्न तर कुणी काढतच नाही. इमारत पाडल्यापासून नवी होईपर्यंत भाड्याचे पैसे देतात म्हणे, पण खानावळ घरी बसली की गिऱ्हाईक तुटतं, आचारी दुसरीकडे जातो. आणि आमच्याकडे कामं किती रखडतात ते स्टँडच्या इमारतीवरून सगळ्यांना माहीत आहे. स्टँडच्या जवळपास नगरपरिषदेची किंवा सरकारी मोकळी जागा असेल तिथे पत्र्याचे आठ-दहा गाळे, पाणी आणि गटारासकट, या लोकांना भाड्याने द्यावेत. हातगाडीवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, त्याच्यात शहर विक्रेता समिती असते, तिच्यात ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या आणि त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या. ती समिती नेमाने बसली पाहिजे आणि खानावळवाल्यांचं पण तिथे ऐकून घेतलं पाहिजे, कारण आज जो गाळ्यात आहे तो उद्या हातगाडीवर येणार आहे आणि मग त्यालाच अतिक्रमण म्हणून उचलतील.

बिल्डर लोकांनी पण हे वाईट मनाने केलंय असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे मुंबई-पुण्याचा तयार मसुदा असतो, तोच इथे येतो. त्यांना कुणी समोर बसवून सांगितलं पाहिजे, आणि ते सांगायचं काम एकट्या भाऊंचं नाही, त्यांना सही करायला पंधरा दिवस दिलेत.

आता माझं. रातांबे उतरायला महिना-दीड महिना राहिलाय. दरवर्षी या दिवसात वहिनी मला सांगतात की ताई यंदा एवढे लिटर ठेवा, मग मी त्या हिशोबाने रातांबे घेते, मीठ भरते, पिंपं धुऊन उन्हात टाकते. या वेळी मी विचारलं तर त्या म्हणाल्या, पाच लिटर ठेवा, पुढचं माहीत नाही. गेल्या वर्षी साठ होते. मी पिंपं धुऊन ठेवलीत, त्या सहीच्या आधी नगरपरिषदेतलं कुणीतरी तो मसुदा वाचावा एवढीच विनंती आहे.

आपली,
एक वाचक,
रामपूर, ता. चिपळूण