निरोपाला फ्लेक्स नको, कागदी पडदा लावा

मा. संपादक,

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल या ऑस्ट्रेलियातल्या वेगळ्या फुटबॉल प्रकाराचा खेळाडू लान्स फ्रँकलिन २०२३ मध्ये ३५४ सामने आणि १०६६ गोल करून निवृत्त झाला. त्याच्या हजाराव्या गोलला, २०२२ मध्ये, सिडनीचे प्रेक्षक हजारोंच्या संख्येने मैदानात धावले होते. पण तिथल्या चाहत्यांची खरी माया दिसते ती क्रेप कागदाच्या पडद्यात! स्वयंसेवक तो हाताने जोडतात, दोन खांबांवर ताणून धरतात आणि खेळाडू तो फाडून मैदानात येतात. निवृत्त होणाऱ्या खेळाडूला शेवटच्या सामन्यानंतर सहकारी खांद्यावर उचलतात.

नागपुरात ज्येष्ठ फुटबॉलपटू, कबड्डीपटूंच्या निरोपाला चौकात फ्लेक्स लागतो, तोही बहुधा नेत्यांच्या फोटोंनी भरलेला. त्याऐवजी मंडळांनी हा पडदा करून पाहावा. कागदाच्या पट्ट्या सपाट फरशीवर पसरून पारदर्शक टेपने जोडाव्यात. कडांना टेपचे दोन थर आणि आत दोरी हवीच, नाहीतर ताण येताच कड उसवते. मधोमध मात्र टेप कमी लावावी. तिथे जास्त झाली तर पडदा फाटत नाही, खेळाडू त्यात अडकतो. वारा असेल तर शेवटच्या क्षणी उभारावा. पावसाळ्यात नकोच, क्रेपचा रंग उतरून जर्सीला लागतो. नाव आणि खेळलेले सामने, एवढाच मजकूर पुरे.

– काही क्रीडाप्रेमी, नागपूर