'बेझंट' हे नाव बाहेरच्यांनी पाडलेलं

संपादक महोदय,
पुरवणीतला जुन्या नाण्यांवरचा लेख वाचला, फोटो झकास होते, पण बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, सोन्याच्या सगळ्याच नाण्यांना सरसकट 'बेझंट' म्हणून टाकलंय ते खटकलं. हे नाव पश्चिम युरोपातल्या लोकांनी पाडलं, बायझँटियमचं नाणं म्हणून. तिथली राजधानी कॉन्स्टँटिनोपल, तिच्या बाजारात कोणी बेझंट मागितलं असतं तर सराफ बघतच राहिला असता. तिथे ते नोमिस्मा, लॅटिनमध्ये सॉलिडस, सम्राट कॉन्स्टंटाईनने चौथ्या शतकाच्या सुरुवातीला काढलेलं, एका रोमन पौंडात ७२ नाणी, म्हणजे एक साधारण साडेचार ग्रॅमचं, आणि त्याचा कस थेट अकराव्या शतकापर्यंत जवळपास तसाच राहिला, ही काय साधी गोष्ट आहे का!

खरी मजा पुढेच आहे. दहाव्या शतकात सम्राट निकेफोरस फोकासने जरा हलकं नाणं काढलं, ते टेटार्टेरॉन, नाव 'चौथाई'वरून, मग जुन्या पूर्ण वजनाच्या नाण्यालाही वेगळं नाव लागलं, हिस्टामेनॉन. करवसुली जड नाण्यात करायची आणि देणी हलक्यात भागवायची असा आरोप झोनारास या इतिहासकाराने त्याच्यावर केलाय, आणि मला तो पटतो.

पुढे भेसळ सुरू झाली, नाणं पातळ, पसरट, खोलगट वाटीसारखं होत गेलं. मायकेल सातवा (१०७१-७८) गादीवर असताना गहू इतका महागला की एका नोमिस्माला मिळणारं माप एका पिनाकियनने, म्हणजे पाव भागाने, कमी भरायला लागलं, लोकांनी सम्राटाचंच नाव 'पॅरापिनाकेस' ठेवलं, म्हणजे 'पाव-कमी'! आणि गंमत बघा, त्याच्यानंतरची नाणी एवढी वाईट निघाली की दक्षिण इटलीतल्या व्यवहारांत लोक नाव घेऊन याचीच नाणी, 'मिखाइलाटा', मागायला लागले.

शेवटी सम्राट अलेक्सियोस कोम्नेनोसने १०९२ मध्ये नवं नाणं पाडलं, हायपरपायरॉन, 'पायर' म्हणजे आग, भट्टीत चांगलं तावून काढलेलं असा अर्थ, तरी ते २०.५ कॅरटच, २४ वर काही परत गेलं नाही. इटलीचे व्यापारी त्यालाच पेरपेरो म्हणायचे. चौदाव्या शतकाच्या मध्याला सोन्याची नाणी पाडणं बंद झालं तरी हिशोब हायपरपायरॉनमध्येच चालू होते, या भागावर एखादा वेगळा लेख आला तर वाचायला आवडेल.

– एक वाचक, सांगली