संहितेविना नाटक आणि आपली ‘ॲडिशन’

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हौशी नाट्यस्पर्धेच्या निमित्ताने गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका वाचकांचे पत्र आले होते. हल्लीचे नट पाठांतराचा कंटाळा करतात आणि विसरलेले वाक्य ॲडिशन घेऊन झाकतात, अशी त्यात तक्रार होती. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. लेखकाने घासूनपुसून लिहिलेल्या वाक्याच्या जागी नटाने पदरचे वाक्य टाकावे, त्यावर लाफ्टर आला की पुढच्या प्रयोगातही तेच ठेवून द्यावे, आणि चार प्रयोगांनंतर मूळ वाक्य कोणते होते हे विंगेतल्या प्रॉम्प्टरलाही आठवू नये, हा प्रकार मीही पाहिलेला आहे. पण संहितेबाहेरचा शब्द म्हणजे आळसच, हा त्या पत्रलेखकांनी काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. तो मान्य न होण्यास एक जपानी नाटक कारण झाले, म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

माझी नात पुण्याला जपानी भाषा शिकते. दिवाळीला घरी आली तेव्हा तिने लॅपटॉपवर एका प्रयोगाचे चित्रण लावले आणि शेजारी बसून जमेल तसा अर्थ सांगत राहिली. त्या उपक्रमाचे नाव ‘ॲड-लिव्ह’ असे लिहितात. आयत्या वेळी सुचलेले बोलणे म्हणजे ‘ॲड-लिब’ आणि प्रत्यक्ष प्रयोग म्हणजे ‘लाइव्ह’, अशा दोन इंग्रजी शब्दांची ती गंमत असून जपानी माणूस त्याचा उच्चार ‘आदोरिबु’ असा करतो. केनइची सुझुमुरा या तिकडच्या नामवंत आवाज-कलाकाराच्या कल्पनेतून हा उपक्रम २००८ मध्ये सुरू झाला. प्रयोग सुमारे दीड तासाचा असतो. त्यात आधी ठरलेले काय, तर गोष्ट कोणत्या जगात घडते एवढे आणि वाटेत येणारे मोजके प्रसंग. पात्राचा स्वभाव, बोलण्याची ढब आणि तोंडून निघणारे प्रत्येक वाक्य ज्याचे त्याने रंगमंचावर उभे राहून घडवायचे, आणि आपला जोडीदार कोण बनून आला आहे हेसुद्धा तो समोर आल्यावरच ओळखायचे. एकाच दिवशी दुपारी आणि संध्याकाळी असे दोन प्रयोग झाले, तर जग तेच राहते आणि नाटके मात्र दोन होतात.

हे करणारे लोक आवाजाचे कलाकार आहेत, ही गोष्ट मला सर्वांत जास्त विलक्षण वाटली. जपानमध्ये त्यांना ‘सेइयू’ म्हणतात आणि त्यांना मिळणारा मान आपल्याकडे सिनेनटांना मिळतो तसा असतो. आपल्या घरोघरी मुले डोरेमॉन पाहतात, पण त्याला हिंदीत कोण बोलते हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील? तिकडे १९७९ पासून २००५ पर्यंत त्याचा आवाज असलेल्या नोबुयो ओयामा यांचे नाव घराघरांत ठाऊक होते. सेइयूंचे रोजचे काम तर पाठांतराहूनही जाचक आहे. समोर पडदा, हातात संहिता, आणि पडद्यावरच्या चित्राचे ओठ जेवढा वेळ हलतील तेवढ्यातच वाक्य बसवायचे. मोजक्या माइकांपुढे सगळ्यांनी आळीपाळीने यायचे, स्वतःचे वाक्य झाले की दुसऱ्याला जागा करून द्यायची, आणि या सगळ्यात पान उलटल्याचा आवाजही होऊ द्यायचा नाही.

हे पान उलटणे मला चांगले माहीत आहे. मी बरीच वर्षे आकाशवाणीसाठी नैमित्तिक कलाकार म्हणून श्रुतिका केल्या. ध्वनिमुद्रणाला उभे राहण्यापूर्वी संहितेची टाचणी काढून ठेवायची, वाचून झालेले पान न उलटता अलगद बाजूला सरकवायचे, ओरडायचे असेल तर अर्धे पाऊल मागे जायचे, कानगोष्ट असेल तर माइकला बिलगायचे, आणि ‘प’, ‘फ’ फुटू नयेत म्हणून तोंड किंचित कलते ठेवायचे, हे सगळे पुढे अंगवळणी पडते. इतक्या वर्षांत त्या कागदाबाहेरचा एक शब्द मी माइकपुढे बोलल्याचे आठवत नाही. तेव्हा आपलीच जातकुळी असलेली ही माणसे रिकाम्या हातांनी रंगमंचावर आलेली पाहून मला त्यांची काळजीच वाटू लागली होती.

२०१४ च्या प्रयोगांत तर त्यांनी स्वतःवर आणखी एक अट घालून घेतली होती. प्रत्येक कलाकाराजवळ एक पिशवी, पिशवीत चिठ्ठ्या आणि चिठ्ठ्यांवर लिहिलेले शब्द किंवा वाक्ये. प्रयोग चालू असताना चिठ्ठी काढायची आणि तिच्यावर जे निघेल ते आपल्या संवादात घ्यायचे. अशी एक जागा मी नातीला तीनदा मागे नेऊन दाखवायला लावली. नट बोलता बोलता पिशवीत हात घालतो, चिठ्ठी उलगडतो, डोळे क्षणभर कागदावर जातात, पण तोंडातले वाक्य थांबत नाही, कारण शेवटचे अक्षर किंचित लांबवून त्याने तेवढी सवड काढलेली असते. त्याहून महत्त्वाचा मला त्याचा जोडीदार वाटला. तो चिठ्ठीकडे पाहतच नव्हता, तो ऐकत होता. आपली पाळी कधी येते याची वाट पाहणारा नट आणि खरोखर ऐकणारा नट यांतला फरक शेवटच्या रांगेतूनही कळतो. “आजोबा, तुम्ही नाटक बघताय की पिशवी?” असे नातीने विचारले तेव्हा मी दोन्ही म्हणालो.

म्हणजे ज्याला आपण उत्स्फूर्त म्हणतो ते मोकाट नसते. जग ठरलेले, वेळ ठरलेली, चिठ्ठीतला शब्द टाळायचा नाही हा नियम ठरलेला. पाठांतर नाही म्हणून तयारी नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही. ॲडिशन घेणारा आपला नट लेखकाची चौकट मोडून टाळी घेतो, तर हे लोक चौकटीत राहून नाटक उभे करतात. मागील पत्रलेखकांनी या दोघांना एकाच माळेत ओवले, एवढाच माझा आक्षेप आहे.

जपान्यांनाही हे २००८ साली अचानक सुचलेले नाही. त्यांच्याकडे राकुगो नावाचा एकपात्री कथाकथनाचा जुना प्रकार आहे, ज्यात कलाकार गुडघे मोडून एका गादीवर बसतो आणि पंखा नि हातरुमाल एवढ्याच सामग्रीवर सगळी पात्रे उभी करतो. त्यातच ‘सानदाइबानाशी’ म्हणून एक खेळ आहे. प्रेक्षकांनी तीन विषय द्यायचे आणि कलाकाराने तिथल्या तिथे ते तिन्ही गुंफून गोष्ट सांगायची. हे ऐकल्यावर मला आपले कलगी-तुऱ्याचे फड आठवले. समोरच्या शाहिराने टाकलेल्या सवालाचा जबाब त्याच बैठकीत, त्याच चालीत द्यावा लागे, आणि नाही सुचला तर हार पत्करावी लागे. शाहीर राम जोशी आपल्या सोलापूरचे, हे शाळेत सगळ्यांना शिकवतात, पण शाहिरीतली ही हजरजबाबी बाजू शिकवताना मी तरी कुणाला ऐकले नाही. तमाशातली बतावणी आणि वग यांचेही तेच. ‘गाढवाचं लग्न’ गाजवणारे दादू इंदुरीकर कोणते वाक्य केव्हा टाकतील हे बरोबरीच्या नटांनाही सांगता येत नसे, असे जुने लोक सांगतात. वगाचे कथानक सर्वांना ठाऊक, सांगाडा पक्का, आणि मांस मात्र त्या रात्रीच्या गावाप्रमाणे चढायचे. आपल्या घरात होते ते आपण लोककला म्हणून कपाटात ठेवले आणि स्पर्धेचे नाटक फक्त टंकलिखित पानांचे मानले.

याचा फटका मला एकदा बसलेला आहे, तो सांगतो. तीसएक वर्षांपूर्वी एका एकांकिका स्पर्धेत मी कापड दुकानदाराची भूमिका करत होतो. पोस्टमन तार घेऊन येतो आणि तिथून नाटक वळण घेते. त्या दिवशी पोस्टमनची एंट्रीच झाली नाही, कारण तो गडी विंगेऐवजी बाहेर टपरीवर होता. मी पुढ्यातली चादर उचलली आणि दुकानातल्या नोकराला घडी कशी घालायची ते शिकवू लागलो. किनार किनारीला लावायची, टोके जुळवायची, फुलांची वीण वर राहील अशी दुमडायची. घडी झाली, पोस्टमन नाही. ‘ही घडी गिऱ्हाईक फसवायची झाली, आता गिऱ्हाईक परत यावे अशी घाल’, असे म्हणून मी ती पुन्हा उलगडली. नोकराचे काम करणारा मुलगा हुशार होता, त्याने विचारले, ‘मालक, मग आजवर मी कोणती घालत होतो?’ प्रेक्षागृह हसले. चौथ्या घडीला पोस्टमन आला. एकाही प्रेक्षकाला शंका आली नाही, पण एका परीक्षकांकडे संहितेची प्रत होती आणि त्यांनी गुणपत्रिकेवर ‘संहितेशी प्रामाणिक नाही’ असा शेरा मारला. त्यांचा नियम त्यांच्या जागी बरोबर होता. मला खंत आहे ती एवढीच की त्या शाबूत राहिलेल्या काही मिनिटांना कोणत्याच रकान्यात जागा नव्हती.

इथे एक अडचण कुणीही पुढे करील आणि ती खरी आहे. आपल्या राज्यात नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते, मग प्रयोग होतो. अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये या पूर्वपरीक्षणाला उच्च न्यायालयात आव्हान दिले होते. ज्या नाटकाला संहिताच नाही त्याने कोणती पाने सादर करावीत, हा प्रश्न विनोदी वाटला तरी संयोजकांना तो सोडवावा लागेल. मला वाटते, जग, प्रसंग आणि नियम यांचा दोन पानी आराखडा हीच अशा नाटकाची संहिता मानता येईल आणि शिष्टाचाराची हमी पथकाकडून लेखी घेता येईल. युवा महोत्सवात स्थळचित्रण चालते, आयत्या विषयावरचे वक्तृत्व चालते, मग नाटकानेच काय घोडे मारले आहे?

नुसते सुचवून थांबू नये म्हणून आम्ही पाच जुन्या मंडळींनी गेल्या महिन्यात आमच्या वसाहतीच्या सभागृहात हा प्रकार करून पाहिला. पन्नासेक लोक आले. जोडे ठेवायच्या जागेजवळ बिस्किटांचा रिकामा डबा ठेवून प्रत्येकाला एक शब्द लिहून टाकायला सांगितले. पहिला खेळ साफ फसला. आम्ही नियम ठेवलेच नव्हते, त्यामुळे पाचही जण एकाच वेळी बोलत होते आणि तिसऱ्या मिनिटाला एकाने विनोदी नाटकातले पाठ असलेले संवाद म्हणायला सुरुवात केली. मग चहा झाला आणि आम्ही ठरवले की रंगमंचावर एका वेळी दोघेच, ठिकाण गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतले पाळण्याचे तिकीटघर, आणि समोरच्याने सांगितलेली कोणतीही गोष्ट खोटी म्हणून उडवायची नाही.

दुसरा खेळ वेगळा झाला. डब्यातून ‘हुरडा’, ‘कडक भाकरी’, ‘सासरे’ असे शब्द निघत गेले आणि मग एक चिठ्ठी निघाली तीवर ‘मग्गम’ लिहिले होते. ज्याने काढली त्याला अर्थ ठाऊक नव्हता. त्याने तो शब्द तसाच जोडीदारापुढे ठेवला, ‘मग्गम मोडलं म्हणून मी पाळण्यावर आलोय, भाऊ.’ जोडीदार पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या घरातला. तेलुगूत मग्गम म्हणजे हातमाग, आणि त्याच्या घरचा माग त्याच्या लहानपणीच उठला होता. तो क्षणभर गप्प राहिला आणि मग शांतपणे म्हणाला, ‘आमचंही. धोटा अजून ठेवलाय, दाखवू का?’ आणि त्याने हवेतून मागावर आडवा दोरा नेणारा तो धोटा काढून पलीकडच्याच्या हातात दिला. सभागृहात मागे बसलेल्या एका आजींनी तो घ्यायला हात पुढे केला होता, हे मी स्वतः पाहिले. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच गल्लीत बोलणाऱ्या या शहरात चिठ्ठ्यांचा डबा ठेवला तर काय काय निघेल याचा अंदाज मला त्या संध्याकाळी आला.

माझी सूचना मर्यादित आहे. मुख्य स्पर्धेच्या नियमांना हात लावू नये, लेखकाच्या शब्दाचा मान तिथे राहिलाच पाहिजे आणि तिथे ॲडिशन घेणाऱ्याचे गुण कापले तर माझी तक्रार नाही. पण शहरातल्या एखाद्या नाट्यसंस्थेने किंवा महाविद्यालयाने वर्षातून एक संध्याकाळ संहितेविना नाटकासाठी राखावी, अर्ध्या तासाचे प्रयोग ठेवावेत, शब्द प्रेक्षकांकडून तिसऱ्या घंटेपूर्वी घ्यावेत आणि परीक्षकांच्या तक्त्यात ‘पाठांतर’ या रकान्याऐवजी ‘ऐकणे’ असा रकाना करावा. श्रुतिका आणि डबिंग करणाऱ्या मुलामुलींना त्यात मुद्दाम बोलवावे. आवाजावर हुकमत असलेले आणि चेहरा कधीच न दिसलेले असे बरेच कलाकार या शहरात आहेत.

आम्ही पाच जण पुढचा खेळ संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी त्याच सभागृहात करणार आहोत. मागील पत्रलेखकांनी अवश्य यावे आणि डब्यात सर्वांत अवघड शब्द त्यांनीच टाकावा, ही विनंती आपल्यामार्फत त्यांच्यापर्यंत पोहोचवावी.

आपला नम्र,
एक जुना श्रुतिका कलाकार, सोलापूर