विषय: आयएन-१२बी सांगून आयएन-१२ए गळ्यात मारल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल तुमच्या माणसांशी चौथ्यांदा बोललो. आता फोन करणार नाही, लेखीच देतो.

सहा आयएन-१२बी निक्सी ट्यूबा, म्हणजे आत आकडे पेटणाऱ्या काचेच्या नळ्या, मागवल्या होत्या. त्या आणायला गुहागरहून चिपळूणला दोन खेपा मारल्या. डबा उघडला तर आत दोन बी आणि चार ए. बीला दशांशाचं टिंब असतं, एला नसतं. तुम्ही निक्सी विकता, तेव्हा हे तुम्हाला शिकवायला नको. भरतीची उंची दाखवणारं यंत्र बनवतोय. टिंब नसेल तर २.४ मीटरची भरती २४ दिसते.

शिवाय त्या चारही ट्यूबांवरचा, ए की बी ते सांगणारा छाप पुसलेला आहे. हा छाप स्पिरिटच्या बोळ्याने सहज जातो. चारही ट्यूबांवरचा आपोआप गेला, यावर मी विश्वास ठेवणार नाही.

आता कालचं संभाषण. मी म्हटलं, टिंब नाही. बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही कोकणात राहता ना? समुद्राच्या दमट हवेने गेलं असेल." काय म्हणालात, असं पुन्हा विचारलं, तर तेच वाक्य सावकाश, बालवाडीतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. अहो, ट्यूब बंद काचेची आहे, आत निऑन आहे. बाहेरची हवा आत शिरली तर ती धड पेटणारच नाही. टिंब म्हणजे वरून लावलेली टिकली नव्हे, आकड्यांसारखाच तो आतला वेगळा कॅथोड, म्हणजे पेटणारा धातूचा भाग आहे. दहाही आकडे १७० व्होल्टला लख्ख पेटतात, आणि खाऱ्या वाऱ्याने तेवढं टिंब उचलून नेलं? नऊ वर्षं याच घरात ट्यूबा जमवतोय. दमट हवेने ट्यूबांच्या पायांना, म्हणजे पिनांना, गंज चढतो, म्हणून सिलिका जेल घालून ठेवतो. टिंब एकीचंही गेलेलं नाही.

पुढे फोटो पाहून त्याच म्हणाल्या, "यात ५ च्या जागी उलटा २ बसवलाय, हा दोष आहे, ती ट्यूब बदलून देऊ." आयएन-१२ मध्ये ५ तसाच असतो! मूळची घडणच ती. नसलेला दोष तुम्ही कबूल करता आणि असलेला माझ्या समुद्रावर ढकलता.

गेल्या वर्षी तुमच्याकडूनच आयएन-१४ घेतल्या होत्या. प्रत्येक ट्यूब वेगळ्या कागदी डबीत, छाप शाबूत. त्या भरवशावर चार जणांना तुमचं नाव सांगितलं. त्याची आता लाज वाटते.

या ट्यूबा सोव्हिएत काळातल्या, आता कुठे बनत नाहीत. गठ्ठ्यात हात घालून येईल ती उचलून पाठवायची वस्तू नाही ही.

पंधरा दिवसांत छाप शाबूत असलेल्या चार आयएन-१२बी पाठवा आणि या चार तुमच्या खर्चाने परत न्या. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पुसलेल्या छापाचे फोटो काढून ठेवले आहेत.

पाठवण्याआधी टिंब पेटवून बघा.

एक ग्राहक,
गुहागर, जि. रत्नागिरी