रात्रीच्या टोचनासाठी मागचे दिवे : चिरंजीवास पत्र

कराड,
दि. 12 ऑक्टोबर

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. रात्री महामार्गावर बंद पडलेल्या गाड्या टोचन करून शिरवळपर्यंत आणण्याचे काम तू आता नियमित करणार आहेस आणि त्यासाठी पिकअपच्या मागे जादा दिवे बसवायचे आहेत, असे तू लिहिले आहेस. फोनवर अशा गोष्टी अर्धवट ऐकल्या जातात. कागद हाताशी असला की वायरिंग करताना पुन्हा वाचता येतो. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पहिला प्रश्न दिव्यांच्या जागेचा आहे. फाळक्याच्या वरच्या पट्टीवर चार लाल दिवे लावण्याचा तुझा विचार आहे. पिकअप एकटी धावत असताना ते उत्तम दिसतील. परंतु टोचन लागले की रस्त्यावरची शेवटची गाडी तुझी राहत नाही. शेवटची असते ती बंद गाडी, जिची बॅटरी बहुधा उतरलेली असते आणि जिचा एकही दिवा लागत नाही. मागून येणाऱ्याला तुझे चार दिवे त्या गाडीच्या आडून अर्धेमुर्धे दिसतील, आणि ज्याला ते दिसतील तो तुझी गाडी जिथे आहे तिथपर्यंत रस्ता मोकळा आहे असे समजेल. मधल्या काळोखात एक आख्खी मोटार आहे हे त्याला कळायला मार्गच नाही. म्हणून फाळक्यावरचे दिवे हवे तर लाव, पण खरा खर्च आणि खरी मेहनत ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या पाठीवर बांधायच्या दिव्यांवर कर. त्यांना वीज तुझ्या पिकअपमधून मिळाली पाहिजे आणि तुझ्या पायाखालच्या ब्रेकबरोबर ते उजळले पाहिजेत.

हे मी एवढ्या आग्रहाने का लिहितो, त्याचा हिशेब तूच करून पाहा. टोचन करताना तू ताशी 25 किलोमीटरच्या वर जाणार नाहीस असे मी गृहीत धरतो. मागची गाडी 80 ने येत असेल, तर दोघांमधले अंतर दर सेकंदाला सुमारे 15 मीटरने कमी होते. तिच्या चालकाला बंद गाडी स्वतःच्या डिप लाइटमध्येच पहिल्यांदा दिसली आणि तेव्हा अंतर 60 मीटर असले, तर त्याच्या हाती चार सेकंद उरतात. त्यांतले एक-दीड सेकंद समोर काय आहे हे ओळखण्यात आणि पाय ब्रेकवर नेण्यातच जाते, आणि समोरची गाडी इतकी हळू चालली आहे हे तर त्याहूनही उशिरा उमगते. गळीत हंगाम सुरू झाला की याच रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात, आणि मागे दिवा नसलेली ट्रॉली किती जवळ आल्यावर दिसते हे तू लहानपणापासून पाहत आला आहेस.

दिवे घेताना 12 व्होल्टचे, पूर्ण बंदिस्त, एलईडी दिवे घे. आत दोन तारा (फिलामेंट) असलेला साधा बल्ब टेल लाइटसाठी 5 वॅट आणि ब्रेकसाठी 21 वॅट घेतो. दोन्ही बाजूंचे मिळून ब्रेक दाबलेला असताना चार अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. पिकअपपासून बंद गाडीच्या पाठीपर्यंत केबल किमान 12 मीटर हवी. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या 0.75 चौरस मिलिमीटरच्या तारेतून एवढा प्रवाह जाऊन परत यायचा, तर दोन व्होल्टांहून अधिक दाब वाटेतच खर्च होतो. आणि बल्बचा दाब एक पंचमांशाने उतरला की त्याचा उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. एलईडी दिव्यांना याच्या लहानशा हिश्श्याएवढा प्रवाह पुरतो. त्यांचा आणखी एक गुण मला त्याहून मोलाचा वाटतो. बल्बची तार तापून पूर्ण उजेड द्यायला सुमारे 0.2 सेकंद घेते, एलईडी लगेच पेटतो, आणि 80 च्या वेगाने येणारी गाडी तेवढ्या वेळात चार मीटरहून अधिक पुढे सरकलेली असते. तरीसुद्धा केबल 1.5 चौरस मिलिमीटरची, रबरी आवरणाची घे. पातळ तार ओढाताणीत तुटते.

दोन्ही दिवे एका फळीवर कायमचे ठोकू नकोस. मागून येणारा दोन लाल ठिपक्यांमधल्या अंतरावरून गाडीची रुंदी आणि स्वतःपासूनचे अंतर जोखतो. म्हणून दिवे ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या दोन्ही कडांना जितके जवळ बांधता येतील तितके चांगले, मात्र कडेबाहेर जाता कामा नयेत. चुंबकावर बसणारे दिवे सोयीचे वाटतात, पण आजकालचे बंपर प्लॅस्टिकचे असतात आणि काही गाड्यांची डिकीसुद्धा लोखंडाची नसते. चुंबक असला तरी वरून पट्टा हवाच. प्रत्येक दिव्याखाली लाल रिफ्लेक्टर लाव. वीज गेली तरी तो काम करतो.

आता वायरिंग. पिकअपच्या टेल लाइटची तार सोलून तिला थेट नवी केबल जोडून देणारे पुष्कळ भेटतील, आणि ते दिवे लागतीलही. त्यातला धोका पुढे येतो. रस्त्यावर ओढली जाणारी केबल कधीतरी चाकाखाली येणार किंवा पत्र्याच्या धारेवर घासणार; तिथे शॉर्ट झाले की उडणारा फ्यूज तुझ्या पिकअपच्या मूळ दिव्यांचा असेल, आणि एका क्षणात दोन्ही गाड्या अंधारात जातील. म्हणून नव्या दिव्यांची वीज सरळ बॅटरीवरून वेगळी घे आणि मूळ दिव्यांच्या तारांकडून फक्त इशारा घे. त्यासाठी चार रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारे विजेचे स्विच, लागतील : टेल लाइट, ब्रेक, डावा इंडिकेटर आणि उजवा इंडिकेटर. नवीन पद्धतीच्या गाड्यांत दिव्यांवर संगणकाची देखरेख असते आणि तिथे ही रचना बदलावी लागते; तुझ्या जुन्या पिकअपला ती जशीच्या तशी चालेल.

रिलेच्या पायांवर आकडे छापलेले असतात. बॅटरीच्या धन टोकापासून 2.5 चौरस मिलिमीटरची तार घे, टोकापासून वीतभर अंतराच्या आतच 15 अँपिअरचा मुख्य फ्यूज बसव आणि तिथून तार चारही रिलेंच्या 30 या पायांवर ने. 86 या पायावर मूळ दिव्याची इशाऱ्याची तार येईल, 85 अर्थला (चॅसिसमार्गे बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतणाऱ्या वाटेला) जाईल आणि 87 वरून वीज मागच्या सॉकेटकडे जाईल. प्रत्येक रिलेच्या 87 नंतर 5 अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज ठेव, म्हणजे ब्रेकच्या तारेत बिघाड झाला तरी टेल लाइट जळत राहील. रिलेच्या आतल्या कॉइलला इतका थोडा प्रवाह लागतो की इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या फ्लॅशरची गती त्यामुळे बदलत नाही. रिले आणि फ्यूज एका बंद डब्यात घालून सीटमागे, पाणी न पोहोचेल अशा जागी बसव. इशाऱ्याच्या तारा ओळखताना रंगावर विसंबू नकोस. जुन्या गाडीत आधीच्या मालकांनी काय बदलले आहे सांगता येत नाही. टेस्ट लॅम्प लावून, एकेक दिवा चालू-बंद करून तार नक्की कर.

मागे सात पिनांचे सॉकेट बसव. त्याची प्रमाणित मांडणी अशी आहे : पिवळी तार डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची, पांढरी अर्थची, लाल ब्रेकची, तपकिरी उजव्या टेल लाइटची आणि काळी डाव्याची, निळी मागच्या फॉग लाइटसाठी असते, ती तुला मोकळी ठेवता येईल. हीच मांडणी पाळ, कारण उद्या तुझ्या गैरहजेरीत दुसऱ्याने ते काम हाती घेतले तर त्याला काही विचारावे लागू नये. सॉकेट बंपरखाली लोंबते ठेवलेस तर पहिल्याच पावसात चिखलाने भरेल. ते चॅसिसच्या आडव्या पट्टीवर, झाकण खाली उघडेल असे लाव आणि पिनांना व्हॅसलीनचा पातळ हात दे. तारा चॅसिसवरून नेताना सायलेन्सर आणि पाटे यांपासून लांब ठेव. पत्र्याच्या भोकातून जातात तिथे भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (कडे) घाल. जोड नुसते पिळून वर टेप गुंडाळायचे नाहीत. तारेच्या टोकाला धातूचे थिंबल घालून ते पान्याने नीट दाबून (क्रिम्प करून) त्यावर आवरणाची स्लीव्ह चढव.

अर्थविषयी मात्र थोडे अधिक लिहितो, कारण या कामातल्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडते. टोचनाचा दांडा किंवा साखळी लोखंडाची आहे, म्हणून अर्थ आपोआप मिळेल असे मानू नये. त्या सांध्यांत गंज आणि ग्रीस असते, आणि गाडी हलली की संपर्क सुटतो. अर्थची तार केबलमधूनच परत आली पाहिजे आणि पिकअपच्या चॅसिसवर रंग खरवडून, चकचकीत लोखंडावर, दातेरी वॉशर घालून घट्ट आवळली पाहिजे. वरून ग्रीस लाव. ब्रेक दाबल्यावर टेल लाइट मंदावला किंवा डावा इंडिकेटर लावल्यावर उजवीकडचा लाल दिवा त्याच तालात लुकलुकला, तर बल्ब बदलत बसू नकोस. प्रवाहाला परतीची वाट मिळत नसल्याने तो दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरे शेवटच्या दिव्याच्या अर्थवर ठेवून ब्रेक दाबायला सांग. बल्बच्या वायरिंगसाठी मी अर्ध्या व्होल्टापर्यंत सोडून देतो. एलईडीचा प्रवाह इतका कमी असतो की 0.2 व्होल्टच्या वर आकडा दिसला तरी कुठेतरी जोड कच्चा आहे असे समज.

गाडीला हूक लावताना उजेड हवा म्हणून तू मागे पांढरा दिवाही बसवणार असशील. तो जरूर बसव, पण त्याला वेगळे बटण आणि डॅशबोर्डवर खुणेचा छोटा दिवा दे. चालत्या गाडीच्या मागे पांढरा प्रखर दिवा राहिला, तर मागून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि समोरून गाडी येत आहे असा त्याचा समज होतो. मागे लाल, इंडिकेटर पिवळसर, पांढरा फक्त नंबर प्लेटला आणि रिव्हर्सला, हा नियम मोडू नकोस. लाल-निळ्या चमकणाऱ्या पट्ट्या तर अजिबात नकोत. त्या पोलिसांच्या आणि आणीबाणीच्या गाड्यांच्या आहेत. चारही इंडिकेटर एकदम लावून टोचन करण्याची सवय अनेकांना आहे. थांबलेल्या गाडीसाठी ते योग्यच आहे, परंतु चालताना वळायच्या आधी ते बंद करून त्या बाजूचा इंडिकेटर दे, अन्यथा तू कुठे वळणार आहेस हे कोणालाच कळणार नाही.

दोन गाड्यांमधले अंतर 5 मीटरांपेक्षा जास्त ठेवू नये आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या मागे पांढऱ्या पाटीवर काळ्या, ठळक अक्षरांत ‘ऑन टो’ लिहिलेले असावे, असे नियम सांगतात. ती पाटी दिव्यांच्या पेटीतच कायमची ठेव. केबल दांड्याच्या कडेने नेऊन बंद गाडीच्या टपावरून मागे ने, वळणावर ताण येणार नाही इतकी ढील दे आणि कुठेही जमिनीला टेकू देऊ नकोस. निघण्यापूर्वी शंभर पावले मागे चालत जा आणि उघड्या डोळ्यांनी पाहा. सोबत कोणी नसेल तर मोबाइल मागे उभा करून चित्रीकरण सुरू ठेव आणि सर्व दिवे क्रमाने लावून बघ. घाईत असलेला गिऱ्हाईक कुरकुर करेल. त्याला थांबू दे.

क्रिम्पिंगचा चांगला पाना आणि तांब्याच्या थिंबलांचा डबा माझ्याकडे आहे. या आठवड्यात शिरवळला कोणी येत असेल तर त्याच्याबरोबर पाठवतो. तोपर्यंत केबल आणि रिले आणून ठेव, जोडणीला हात लावू नकोस. तुझी आई कुशल आहे आणि तुला आशीर्वाद सांगते.

तुझे
बाबा

ता. क. : 5 आणि 15 अँपिअरचे फ्यूज जास्तीचे घे आणि डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेव. फ्यूज वारंवार उडू लागला तर मोठ्या आकड्याचा घालू नकोस. केबल उलगडून सोलपटलेली जागा शोध.