रविवारची बैठक : ग्राम रंजन

सर्व सदस्यांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्र अभ्यासगटाची बैठक आहे. नव्याने आलेल्यांनी ही अजिबात चुकवू नये. जिवाणूंची ओळख पटवायला इथूनच सुरुवात होते.

येताना पेशीभित्तिकेचं प्रकरण वाचून या. हान्स क्रिश्चियन ग्राम यांनी १८८४ मध्ये मांडलेली ग्राम रंजन ही जिवाणू रंगवून त्यांचे गट ओळखण्याची पद्धत नुसती पाठ करू नका. क्रिस्टल व्हायोलेट (जांभळा रंग), आयोडीन, अल्कोहोल (रंग धुवायला) आणि शेवटी सॅफ्रानिन (गुलाबी रंग, हे नंतर जोडलं गेलं) हाच क्रम का, ते समजून घ्या. खरी कसोटी अल्कोहोलची. ते काही सेकंद जास्त राहिलं, तर जांभळे दिसायला हवेत असे जाड भित्तिकेचे जिवाणूही गुलाबी दिसतात. तिथे घाई नको आणि रेंगाळणंही नको.

- अ‍ॅप्रन आणि बंद बूट हवेतच, केस बांधलेले.
- प्रयोगशाळेत खाणं-पिणं नाही.
- १०० पटीच्या भिंगाचं तेल लेन्स पेपरनेच पुसा, रुमालाने नाही.

नावं शुक्रवार संध्याकाळपर्यंत समन्वयकांकडे द्या. कल्चर (वाढवलेले जिवाणू) शनिवारी ताजं लावायचं आहे. जुन्या कल्चरमधल्या ग्राम-पॉझिटिव्ह (जाड भित्तिकेच्या, जांभळ्या दिसणाऱ्या) पेशीही रंग सोडतात.